कवचधारी अमीबा: जातीचे नाव नेमके कधी लिहावे?

जलबिंदू (ठाणे पश्चिम)

ठाण्यातील तलावांच्या तळगाळात आणि पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतींवर उगवणाऱ्या शेवाळात कवचधारी अमीबा, म्हणजे स्वतःभोवती कवच बांधणारे एकपेशीय जीव, हमखास सापडतात. घरी सूक्ष्मदर्शक बाळगणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळे त्यांची छायाचित्रे आता या मंचावर नियमितपणे येऊ लागली आहेत, याचा मनापासून आनंद आहे. परंतु त्या छायाचित्रांखाली ‘अर्सेला व्हल्गॅरिस’, ‘डिफ्लुजिया ऑब्लाँगा’ अशी जातीपर्यंतची पूर्ण नावे ज्या सहजपणे लिहिली जातात, ती पद्धत मला पटत नाही. बहुतेक वेळा छायाचित्रात कवचाची केवळ बाह्यरेषा असते. मुख (पेशी जेथून बाहेर येते ते कवचाचे भोक) दिसत नाही, उंची कळत नाही, मोजमाप दिलेले नसते, आणि आत जिवंत पेशी आहे की नुसते रिकामे कवच आहे, हेही सांगितलेले नसते.

माझे म्हणणे असे, की मुखाची जागा आणि आकार, कवच कशाचे बनले आहे, आणि निदान दोन बाजूंनी घेतलेली मापे, एवढे हाती नसेल तर प्रजातीच्या नावावर (नुसते ‘अर्सेला’ किंवा ‘डिफ्लुजिया’) थांबावे. अर्धवट खात्रीचे नाव एकदा यादीत गेले की पुढचा माणूस तेच उचलतो, आणि कोणीही नीट न पाहिलेली जात त्या तलावातली म्हणून कायमची होऊन बसते. जे नियमित निरीक्षण करतात त्यांनी आपली पद्धत सविस्तर लिहावी, आणि माझे मत पटत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.

मुक्ता_घोडबंदर

विषय काढलात हे फार बरे झाले. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना मला रोज जाणवते, की ‘अमीबा’ म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तकातला उघडा अमीबाच येतो. कवच बांधणाऱ्या अमीबांचा एवढा मोठा समुदाय आपल्या गच्चीवरच्या शेवाळात राहतो, याची त्यांना कल्पनाच नसते.

ओळख पटवताना मी आधी छद्मपाद, म्हणजे पेशी बाहेर काढते ते तात्पुरते पाय, पाहायला सांगते, कवच नंतर. अर्सेला, डिफ्लुजिया, सेंट्रोपिक्सिस यांचे छद्मपाद जाड, बोथट आणि पारदर्शक असतात. युग्लायफा आणि ट्रायनेमा यांचे अत्यंत बारीक, धाग्यासारखे असतात आणि प्रकाश कमी केल्याशिवाय बहुधा दिसतही नाहीत. हा फरक वरवरचा नाही. पहिला गट अमीबोझोआत मोडतो, दुसरा ऱ्हायझेरियात, आणि या दोन शाखा एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. कवच बांधण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे कमावलेली आहे.

त्यानंतर बांधकामाचे साहित्य पाहावे. अर्सेला आपले कवच स्वतःच्या सेंद्रिय स्रावातून घडवते. डिफ्लुजिया वाळूचे कण आणि डायटम या सूक्ष्म शैवालांची कवचे गोळा करून ती चिकटवते. युग्लायफा पेशीच्या आत सिलिकाचे खवले तयार करते आणि ते एकावर एक चढवून ओळीने बसवते. नेबेलाची गोष्ट तर विलक्षणच आहे: युग्लायफासारख्या जिवांना ती खाते आणि त्यांचे खवले स्वतःच्या कवचात बसवते.

मात्र आपल्या मूळ भूमिकेशी मी पूर्ण सहमत नाही. काही जाती इतक्या स्पष्ट असतात, की तेथे जातीचे नाव न लिहिणे म्हणजे दिसत असलेली माहिती टाकून देणे होय. अर्सेला डेंटाटाच्या कडेला चारही बाजूंनी दाते असतात आणि ते नवख्या माणसालाही ओळखू येतात.

शेवाळप्रेमी

वाचनखूण साठवली आहे. माझा एक प्रश्न आहे. मला कायम रिकामी कवचेच दिसतात. मुक्ताताई म्हणतात ते छद्मपाद बाहेर आलेले मला अजून एकदाही पाहायला मिळालेले नाहीत. नमुना वर्तकनगरमधील आमच्या इमारतीच्या भिंतीवरचा आहे आणि सूक्ष्मदर्शक साधा, ४० पटींच्या भिंगापर्यंतचा आहे. माझ्या तयारीत काय कमी पडत असावे?

चरईचे_काका

शेवाळप्रेमी, शेवाळाच्या नमुन्यात रिकामी कवचे जास्त असणे स्वाभाविक आहे, कारण पेशी मेल्यावरही कवच पुष्कळ काळ टिकून राहते. शिवाय शेवाळ सुकले की जिवंत पेशी कवचाच्या आत गोळा होऊन पुटीत (बंद, सुप्त अवस्थेत) जाते, आणि ओलावा मिळाल्यावरही तिला बाहेर यायला वेळ लागतो. म्हणून सुके शेवाळ भिजवून लगेच पाहू नये.

माझी पद्धत अशी आहे. चिमूटभर शेवाळ उथळ वाटीत घ्यावे आणि ते बुडेल इतकेच पाणी घालावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते पाणी रात्रभर उघडे ठेवलेले असावे. एक दिवस तसेच राहू द्यावे, मग शेवाळ त्याच पाण्यात बोटांनी हलके पिळून काढावे आणि पाणी चहाच्या गाळणीतून दुसऱ्या वाटीत गाळावे. अर्धा तास स्थिर ठेवल्यावर कवचे जड असल्यामुळे तळाशी बसतात. ड्रॉपरने वरचे पाणी न ढवळता अगदी तळाचा थेंब उचलावा.

काचपट्टीवर थेंब घेतल्यावर कव्हरस्लिप थेट टाकू नये. तुटलेल्या कव्हरस्लिपचे दोन बारीक तुकडे बाजूंना ठेवून त्यांवर नवी कव्हरस्लिप टेकवावी, म्हणजे जीव चिरडत नाही आणि कवचाला वळायला जागा राहते. मग १० पटींच्या भिंगाखाली एखादे कवच निवडावे, ज्याच्या आत करडे, दाणेदार द्रव्य भरलेले दिसते, आणि दिव्याचा प्रकाश कमी करून त्याच्यावरच थांबावे. काचपट्टी सरकवत राहिले की धक्क्याने जीव आत ओढला जातो. पाच मिनिटांत काही दिसले नाही म्हणून पुढे जाणाऱ्याला छद्मपाद दिसत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटे एकाच कवचावर बसणाऱ्याला बहुधा दिसतात. आधी मुखाच्या कडेपाशी काचेसारखा स्वच्छ फुगवटा येतो, त्यात दाणे नसतात. तो हळूहळू बोटासारखा लांबतो, मग दाणेदार पेशीद्रव्य एकदम त्यात शिरते आणि सगळे कवच किंचित पुढे ओढले जाते.

थेंब सुकू लागल्यास कव्हरस्लिपच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब लावत राहावे.

नेरूळ_एसटीपी

मी नवी मुंबईतील एका मोठ्या गृहसंकुलाचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) चालवतो. एरेशन टँकमधील (जेथे सांडपाण्यात हवा सोडतात) स्लजचा, म्हणजे जिवाणूंनी भरलेल्या गाळाचा, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा आमच्या कामाचाच भाग आहे, आणि अर्सेला आमच्या फार ओळखीची आहे. टँक नवीन सुरू केला की आधी मोकळे पोहणारे छोटे जीव दिसतात, नंतर देठावर बसणारी व्हॉर्टिसेला येते, आणि स्लज जुना व स्थिर झाला, पाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले, की अर्सेला आणि तिच्यासारखे कवचधारी अमीबा वाढतात. त्यामुळे त्यांची संख्या वाढलेली दिसली, की प्रक्रिया नीट चालली असल्याचे आम्ही समजतो, आणि प्रयोगशाळेचा अहवालही बहुधा तेच सांगतो.

धाग्याच्या विषयाबाबत सांगायचे तर आम्हाला जातीची गरज कधीच पडत नाही. पण जिवंत आणि रिकामे यांतील फरक आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. टँकमधील हवा काही काळ बंद पडली, की कवचे तेवढीच दिसतात, परंतु आत पेशी नसते. एकूण कवचे मोजून समाधान मानणारा माणूस तेथे फसतो. म्हणून माझी विनंती अशी, की येथे नोंद टाकताना नाव कोणतेही असो, ‘जिवंत’ किंवा ‘रिकामे’ हे अवश्य लिहावे.

जलबिंदू (ठाणे पश्चिम)

चरईच्या काकांनी लिहिलेली पद्धत मी जशीच्या तशी आमच्या मुलांच्या निरीक्षण गटाला देणार आहे. नेरूळकरांची सूचनाही तत्काळ मान्य आहे.

मुक्ताताई, अर्सेला डेंटाटाच्या बाबतीत आपले म्हणणे योग्य आहे. माझा आक्षेप गोल, दाते नसलेल्या अर्सेलांविषयी आहे. वरून पाहिले तर व्हल्गॅरिस आणि डिस्कॉइडिस दोन्ही म्हणजे एक गोल आणि त्याच्या मध्यभागी दुसरा लहान गोल. फरक आहे तो उंचीत. व्हल्गॅरिसची उंची व्यासाच्या निम्म्याच्या आसपास असते, तर डिस्कॉइडिस बरीच चपटी असते. बाजूने न पाहता यांपैकी एक नाव लिहिणे हा निव्वळ अंदाज ठरतो.

चरईचे_काका

बाजूने पाहणे अवघड नाही. अर्सेलाचा आकार आधी मनात पक्का बसवावा: उपड्या ठेवलेल्या वाटीच्या तोंडावर पातळ झाकण चिकटवावे आणि त्या झाकणाच्या मध्यभागी भोक पाडून भोकाची कड आत दाबावी, तशी ती असते. कव्हरस्लिपच्या कडेला सुईने अगदी हलका स्पर्श केला, की पाण्याचा प्रवाह होऊन कवच कलंडते. कधी ते उभे राहते आणि उंची थेट मोजता येते. जिवंत अर्सेला पाठीवर पडली तर तिला हाताळूच नये. ती पेशीद्रव्यात वायूचे बुडबुडे तयार करते, एका कडेचे बुडबुडे वाढले की ती कड वर उचलली जाते, आणि काही वेळाने ती आपली आपण सरळ होते. बुडबुडे काळ्या कडेचे आणि चकाकणारे दिसतात, आणि काम झाल्यावर लहान होत नाहीसे होतात. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी त्यासाठी मुद्दाम वेळ काढावा.

पारसिक_टेकडी

मी मूळ धाग्याच्याही पुढे जाऊन म्हणेन, की मापे घेतली तरी केवळ आकारावरून जात ठरवणे धोक्याचे आहे. हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये डिफ्लुजिया कोरोनावर (आता ही जात नेत्झेलिया प्रजातीत ठेवतात) केलेले काम या संदर्भात सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्याने एकेका पेशीपासून विभाजनाने वाढलेले वंश ठेवले, आणि कवचावरील काट्यांची संख्या, त्यांची लांबी, मुखाभोवतीचे दाते, कवचाचा व्यास अशा गुणांची पिढ्यान् पिढ्या निवड केली. लैंगिक प्रजनन नसतानाही एकाच मूळ पेशीच्या संततीत या गुणांत आनुवंशिक फरक असलेले निरनिराळे वंश वेगळे होत गेले. काट्यांच्या संख्येवरून नवी नावे देणाऱ्यांना यावर उत्तर द्यावे लागेल.

दुसरी बाजूही आहे. अलीकडच्या डीएनए अभ्यासांत हायलोस्फेनिया पॅपिलिओ या एकच जात मानल्या गेलेल्या जिवात अनेक वेगळे आनुवंशिक वंश आढळले. म्हणजे दिसायला वेगळे ते कधी एकच निघतात, आणि दिसायला एक ते कधी वेगळे निघतात.

मुक्ता_घोडबंदर

जेनिंग्जचा दाखला अगदी योग्य ठिकाणी दिलात. परंतु त्यातून ‘जात ठरवूच नये’ असा निष्कर्ष निघतो, असे मला वाटत नाही. बदलणारे गुण कोणते आणि त्या मानाने स्थिर गुण कोणते, हे वेगळे करायला हवे, एवढाच त्याचा अर्थ आहे. काट्यांची संख्या बदलते. मुख मध्यभागी आहे की एका बाजूला, हे सहसा बदलत नाही. रंगाचेही तसेच आहे. तरुण अर्सेला जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळी असते, आणि पुढे लोह व मँगनीज साठत गेल्यामुळे गडद तपकिरी होते. नुकतेच विभाजन झालेली जोडी सापडली तर मुखाला मुख लावलेली दोन कवचे दिसतात, एक तपकिरी आणि दुसरे अगदी फिकट. अशी जोडी ज्याने पाहिली, तो रंगावरून दोन जाती कधीही लिहिणार नाही.

खाडीकिनारी (ऐरोली)

ठाणे खाडीच्या चिखलात हे जीव सापडतील का? आमच्याकडे फ्लेमिंगो ज्या चिखलावर उतरतात, तेथील थोडा चिखल पाहण्याची फार इच्छा आहे.

पारसिक_टेकडी

कवचधारी अमीबा मुख्यतः गोड्या पाण्यातले आणि ओलसर मातीतले आहेत. सेंट्रोपिक्सिससारखे काही थोडी क्षारता सहन करतात, पण भरती-ओहोटीच्या चिखलात आपल्याला प्रामुख्याने फोरॅमिनिफेरा दिसतील. त्यांनाही कवच असते. मात्र ते बहुधा अनेक कप्प्यांचे असते, आणि पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यांचे छद्मपाद जाळ्यासारखे पसरतात. दोन्हींत गोंधळ होऊ नये म्हणून कप्पे मोजावेत: आपल्या विषयातल्या अमीबांचे कवच एकाच कप्प्याचे असते. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलू नये, ही विनंती. येऊरलाही तेच लागू आहे. राष्ट्रीय उद्यानातील शेवाळ आणण्याऐवजी आपल्या इमारतीच्या भिंतीवरचे शेवाळ घ्यावे. जिवांच्या दृष्टीने तेही तितकेच समृद्ध असते.

सानिकाची_आई

मुलीकडे कागदी फोल्डस्कोप आहे, ज्याचे वर्धन सुमारे १४० पट असते. त्यातून हे जीव दिसतील का, की मोठा सूक्ष्मदर्शक घेणे आवश्यक आहे?

मुक्ता_घोडबंदर

अवश्य दिसतील. अर्सेला व्हल्गॅरिसचा व्यास सुमारे १०० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे फोल्डस्कोपमध्ये तिचा गोल आणि मधले मुख दोन्ही कळतात. वाळूचे कण चिकटवलेली डिफ्लुजियाही ओळखता येईल. ट्रायनेमासारखे लहान जीव मात्र त्यात समाधानकारक दिसणार नाहीत. सानिकाला जे दिसेल त्याचे आधी पेन्सिलीने चित्र काढू द्यावे आणि फोटो नंतर घ्यावा. चित्र काढताना ‘मुख कुठे आहे’ हा प्रश्न टाळता येत नाही.

जुने_ठाणे

या निमित्ताने एक ऐतिहासिक नोंद. हेन्री जॉन कार्टर हा मुंबईत सेवेत असलेला शस्त्रवैद्य येथील गोड्या पाण्यातील सूक्ष्म जिवांचा बारकाईने अभ्यास करीत असे. १८५६ मध्ये ‘ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या नियतकालिकात मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातल्या ‘इन्फ्युझोरिया’वर (सूक्ष्म जलजीवांचे तेव्हाचे नाव) त्याचे टिपण प्रसिद्ध झाले. तेव्हा बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. पुढे त्याने इंग्लंड आणि भारत येथील गोड्या पाण्यातल्या ऱ्हायझोपॉडांवरही (छद्मपाद असलेल्या अमीबासारख्या जिवांवर) लिहिले. म्हणजे आपल्या परिसरातील या जिवांकडे लक्ष जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. त्या मानाने ठाण्यातल्या तलावांची साधी प्रजातींची यादीसुद्धा सहज हाती लागत नाही, ही खंत वाटते. म्हणूनच जलबिंदू यांचा आग्रह मला पटतो. सुरुवात करायचीच असेल तर ती विश्वासार्ह नोंदींनी व्हावी.

शेवाळप्रेमी

काकांच्या पद्धतीने बसलो आणि एका युग्लायफाचे धाग्यासारखे छद्मपाद प्रत्यक्ष पाहिले. मनःपूर्वक आभार. ४० पटींच्या भिंगाखाली कवचावरचे खवले एकमेकांवर चढलेले स्वच्छ दिसले, आणि मुखाभोवतीच्या खवल्यांना दातेरी कड आहे, हेही कळले.

आता मूळ प्रश्नाशी संबंधित एक नमुना. कचराळी तलावाच्या काठावरील पाणवनस्पतीच्या मुळांतून घेतला आहे. कवच पिवळसर तपकिरी, वरून जवळजवळ गोल. लांबी १३० मायक्रोमीटर (आयपीसमधील पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे ज्ञात मापाच्या रेघांच्या काचपट्टीवर, जुळवून घेतली आहे). पृष्ठभागावर बारीक कण चिकटलेले. एका बाजूच्या कडेला काही काटे आहेत, दुसऱ्या बाजूला नाहीत. रिकामे. याला अर्सेला म्हणावे का?

चरईचे_काका

मुख कुठे आहे ते सांगावे.

शेवाळप्रेमी

कवच उलटवून पाहिले. मुख मध्यभागी नाही. काटे ज्या बाजूला आहेत, त्याच्या विरुद्ध बाजूकडे सरकलेले आहे. बाजूने पाहिल्यास मुखाकडचा भाग चपटा आणि काट्यांकडचा भाग फुगीर दिसतो.

मुक्ता_घोडबंदर

मग अर्सेला नाही. मुख एका बाजूला, कवचावर चिकटवलेले कण आणि मागच्या कडेला काटे, म्हणजे सेंट्रोपिक्सिस. माप आणि काटे दोन्ही पाहता सेंट्रोपिक्सिस ॲक्युलिएटा लिहायला माझी हरकत नाही.

पारसिक_टेकडी

माझी थोडी आहे. काट्यांची संख्या आणि लांबी या जातीत फार बदलते, आणि एकाच रिकाम्या कवचावरून निर्णय घेतला जात आहे. ‘सेंट्रोपिक्सिस, ॲक्युलिएटा गट’ असे लिहावे आणि त्याच मुळांवरची आणखी कवचे मोजावीत.

जलबिंदू (ठाणे पश्चिम)

‘ॲक्युलिएटा गट’ ही नोंद मला मान्य आहे. मुक्ताताईंनाही ती चालेल असे वाटते. शेवाळप्रेमी, पुढील कवचांची लांबी, उंची, मुखाचा व्यास आणि काट्यांची संख्या अशी चार मापे प्रत्येकी लिहून याच धाग्यावर टाकावीत. जिवंत नमुना मिळाल्यास छद्मपादही नोंदवावेत. मी रविवारी उपवन तलावाच्या काठावरच्या मुळांतून नमुना घेणार आहे आणि त्याची मापे याच क्रमाने देईन.

मुक्ता_घोडबंदर

चालेल. उंची मोजताना कवच पूर्ण उभे राहिल्याची खात्री करून घ्यावी. तिरपे असेल तर आकडा वेगळा येतो.